नव्या आशाताईंना: बाळंतिणीच्या घरी काय बघाल

ताई, गेल्या गेल्या वजनकाटा काढू नका. आई पाजत असताना शेजारी बसून बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. नुसतं बोंड चोखलं तर भेगा पडतात, दूध कमी उतरतं आणि घरचे म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ मग पावडरच्या दुधाचा डबा येतो. खरं म्हणजे बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून घालून सोडवा, पुन्हा लावा. ओढून काढू नका.

दूध पुरतंय का, हे स्तन दाबून कळत नाही. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा लघवी आणि वाढतं वजन, हे खरं माप. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं घटतंच, घाबरवू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आजी पाण्यासाठी हट्ट धरणारच. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणी असतं. जास्त वेळा पाजा, पण 6 महिने पाणी, मध, घुटी नको. आजीशी वाद नको, लघवी मोजायचं काम तिलाच द्या.

विड्या वळणाऱ्या आईला पाजण्याआधी साबणाने हात धुवायला आणि तंबाखूची धूळ बसलेली साडी बदलायला जरूर सांगा.

स्तन लाल, दुखरा आणि आईला ताप असेल तर पाजणं बंद करायला लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. बाळ सुस्त असेल, ओढत नसेल, तर लगेच.