पर्याय चुकला, तरी टेस्ट ‘पास’ कशी?

प्रश्न : लिनक्स कर्नलच्या केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा कर्नलचा भाग) सेल्फटेस्टमधल्या एका टेस्टला नवीन कमांड-लाइन पर्याय जोडणारा पॅच माझ्याकडे रिव्ह्यूला आलाय. गेटऑप्टचा (पर्याय एकेक करून वाचणाऱ्या फंक्शनचा) लूप आणि एक स्विच, एवढाच कोड आहे. त्यात तपासायचं काय? शिवाय चुकीचा पर्याय दिला तरी आमच्या सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) टेस्ट हिरवीच दिसते. असं का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं पाहू, खरा घोळ तिथेच आहे. अनोळखी पर्याय आला की गेटऑप्ट प्रश्नचिन्ह परत करतं. स्विच डीफॉल्टला जातो, हेल्प छापली जाते आणि हेल्पचं फंक्शन बऱ्याचदा शून्य कोड देऊन बाहेर पडतं. केसेल्फटेस्टच्या (कर्नलच्या टेस्टच्या चौकटीच्या) हिशेबात 0 म्हणजे पास, 1 फेल, 4 स्किप. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) तयारही झालं नाही आणि निकाल पास! ‘-एच’ दिल्यावर 0 योग्यच. चुकीच्या पर्यायाला मात्र शून्य नको. हेल्प फंक्शनलाच एक्झिट कोड पाठवायला सांगा.

आता आकडे. साधं एटॉय (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) दिसलं की पॅच परत पाठवा. ते ‘एबीसी’चा 0 करतं, ‘4एक्स’चा 4, आणि ‘-व्ही -1’ मधला -1 बिनचिन्हाच्या 32-बिट व्हेरिएबलमध्ये गेला की 4294967295 व्हीसीपीयू (व्हीएमचे व्हर्च्युअल प्रोसेसर; ‘-व्ही’ ही त्यांची संख्या) होतात. यासाठीच 2022 मध्ये केव्हीएम सेल्फटेस्टमध्ये एटॉय-पॅरानॉइड आणि धन व ऋणेतर आकड्यांसाठीची वेगळी फंक्शन्स आली. एररनो (एररचा कोड), उरलेली अक्षरं आणि इंटची मर्यादा ती तपासतात. फक्त बेस 0 (आकड्याचा पाया सुरुवातीच्या अक्षरांवरून ठरवायचा) असल्यामुळे ‘010’ दिलं तर ते अष्टमान धरून 8 वाचलं जातं, हे ध्यानात ठेवा. मेमरीच्या पर्यायाला पार्स-साइज वापरलंय ना, तेही बघा. ‘512एम’, ‘1जी’ त्यालाच कळतं.

एका पर्यायाचा अर्थ दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर लूपमध्ये फक्त स्ट्रिंग धरून ठेवायची आणि लूप संपल्यावर पार्स करायची. डर्टी-लॉग-परफ टेस्टमधलं ‘-सी’ हेच करतं : पिनिंगच्या (कोणता व्हीसीपीयू कोणत्या खऱ्या सीपीयूवर बांधायचा, त्या) यादीत प्रत्येक व्हीसीपीयूला एक नोंद लागते, पण ‘-व्ही’ कदाचित ‘-सी’नंतर लिहिलेलं असेल. लूपमध्येच यादी फोडली, तर व्हीसीपीयूंची जुनी डीफॉल्ट संख्या धरली जाते आणि वापरणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

गेटऑप्टनं परत केलेली किंमत ‘चार’ (char) प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घेतली असेल तर लगेच ‘इंट’ करायला लावा. एक्स८६ वर चालून जातं. आर्म६४ लिनक्सवर चार बिनचिन्हाचा असल्यामुळे पर्याय संपल्याची खूण असलेल्या -1 चा 255 होतो आणि लूपला शेवट कळतच नाही. केव्हीएमच्या टेस्ट दोन्हीकडे चालतात, त्यामुळे ही चूक नंतर कुणाच्या तरी गळ्यात पडणारच.

पर्यायांच्या स्ट्रिंगमध्ये अक्षरापुढचा कोलन राहिला असेल, तर ऑप्टआर्ग (पर्यायापुढची किंमत) नल येतो आणि पार्स करताना सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. ब्रेक राहिला, तर खालचा केसही चालतो. हेल्पमधली ओळ विसरणं तर नेहमीचंच.

वाचून झालं की टेस्ट चालवून बघा : ‘-व्ही 0’, ‘-व्ही -1’, ‘-व्ही 4एक्स’, नुसतं ‘-व्ही’, अनोळखी अक्षर आणि केव्हीएमच्या कमाल मर्यादेपेक्षा एक जास्त व्हीसीपीयू. दर वेळी लगेच एको डॉलर-प्रश्नचिन्ह (echo $?) टाका, म्हणजे एक्झिट कोड दिसेल. 0 आला तर पॅच परत. शेवटी ‘-व्ही 4 8’ द्या. ऑप्टइंड (गेटऑप्ट कुठवर पोचलं) आणि आर्गसी (एकूण शब्द) यांची तुलना केली नसेल, तर तो 8 मुकाट्यानं गिळला जातो.