टॉल्किनवरची समीक्षा वाचायला घेतो आहेस, तर

एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकापासून सुरुवात करू नकोस. १९५६ साली त्याने टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीला पोरकट कचऱ्यात काढलं. ते वाचून डोकं फिरतं आणि मग माणूस समीक्षा वाचत नाही, नुसता भांडत बसतो. माझी दोन वर्षं त्यातच गेली.

आधी टॉल्किनचंच १९३६ चं 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यावरचं व्याख्यान वाच. राक्षस आणि ड्रॅगन ही त्या काव्यातली अडगळ नाही, गाभाच आहे, असं तो समीक्षकांना ठणकावतो. त्याच्या कादंबरीकडे कसं बघावं, तेही तिथेच उमगतं. मग टॉम शिपी या टॉल्किन-अभ्यासकाचं 'द रोड टू मिडल-अर्थ' हे पुस्तक. एकेका जुन्या शब्दातून गोष्ट कशी उगवली, हे तो उलगडत नेतो. सावकाश वाच. जुनी इंग्रजी येत नसली तरी अडत नाही. मला कुठे येते!

टॉल्किनची पत्रं हाताशी असू देत, पण दर वादात 'लेखकच असं म्हणालाय' हा हुकमाचा एक्का टाकू नकोस. ऑर्क, म्हणजे त्याच्या कथांमधले ते दुष्ट सैनिक, मुळात आले कुठून, यावर त्याचं स्वतःचंच मत शेवटपर्यंत डळमळत होतं.

आणि स्त्रीपात्रं कमी आहेत असं कुणी म्हणालं, तर लगेच अंगावर जाऊ नकोस. त्याची 'द हॉबिट' ही कादंबरी उघड आणि मोज. नायक बिल्बोच्या आईचा उल्लेख सोडला, तर हाताला फारसं काही लागत नाही.