‘टोकियो स्टोरी’ तूर्त बाजूला ठेवा

प्रश्न : १९५० च्या दशकातले अभिजात चित्रपट पाहायचे ठरवले आहे. याद्यांमध्ये बराच वर दिसला म्हणून ‘टोकियो स्टोरी’ लावला, तर दोन्ही वेळा झोप लागली. मला या चित्रपटांची समजच नाही का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : समजेचा प्रश्नच नाही. पंचविशीत मी तो पाहिला, तेव्हा शेवटपर्यंत बसले खरी, पण घड्याळ बघत. यासुजिरो ओझूच्या या चित्रपटात (१९५३) कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली असतो आणि जवळजवळ हलतच नाही. तिथे काय पाहायचं हे डोळ्यांना सवयीनेच कळतं.

आधी सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) घ्या. खुनाच्या खटल्यातले बारा ज्यूरी, जवळपास सगळा चित्रपट एका खोलीत, लांबी दीड तासाच्या आसपास. झोप येणार नाही. संपल्यावर तो पुन्हा लावा आणि या खेपेला भिंतींकडे बघा. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर आहे, वाइड लेन्समुळे खोली ऐसपैस वाटते. मग तो खाली खाली येतो, लेन्स बदलत जातात, भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकतात, शेवटी डोक्यावर छत दिसू लागतं. वादामुळे जीव गुदमरतोय असं पहिल्या वेळी वाटलेलं असतं!

मग अकिरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२). बर्फ पडतंय आणि मरणाच्या दारातला सरकारी अधिकारी झोपाळ्यावर बसून गातोय, त्या दृश्यासाठी तरी पाहाच. नंतर ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). साडेतीन तासांचा आहे, सुट्टीचा दिवस ठेवा. त्यातला सामुराईंचा म्होरक्या आणि ‘इकिरू’तला खंगलेला माणूस एकाच नटाने, ताकाशी शिमुरा यांनी, केलाय.

आता ‘टोकियो स्टोरी’कडे परत या. मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना अतामी या समुद्रकाठच्या गावातल्या हॉटेलात धाडलंय. तिथल्या गोंगाटात रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसतात. उठताना आईचा क्षणभर तोल जातो. झोप झाली नाही म्हणून असेल, असं नवरा म्हणतो आणि दोघं चालू लागतात. पंचविशीत हे माझ्या नजरेतून पार सुटलं होतं. चाळिशी उलटल्यावर तेवढाच तुकडा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. तिथवर पोचलात की मला जरूर लिहा.