कोल्हापूरला ‘रांगडे’ म्हणावे काय?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : शब्दकोशांत ‘रांगडा’ म्हणजे ओबडधोबड, असभ्य, गावंढळ असे अर्थ असताना आम्ही ‘रांगडे कोल्हापूर’ असे अभिमानाने म्हणतो, ते चूक आहे काय? आणि स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेला ‘कोल्हापूरची रांगडी संस्कृती’ हे शीर्षक द्यावे काय?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, मात्र कारणे वेगळी आहेत.

पेशवाईच्या काळातील मराठी लेखनात ‘रांगडे’ हा शब्द माळव्याकडील रजपुतांसाठी येतो, आणि भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातही माळवी बोलीचे एक रूप ‘रांगडी’ या नावाने नोंदलेले आहे. म्हणजे परक्यांनी परक्यांसाठी वापरलेला हा शब्द होता, आणि कोशांतील नापसंतीचा सूर तेथूनच आला असावा. कोल्हापूरकराने तो स्वतःला लावून घेतला, तेव्हा त्यातील असभ्यपणा गळाला आणि आडपडदा नसणे, अंगात रग असणे आणि पाहुण्याला आग्रह करून जेवू घालणे एवढेच उरले. कोशातील जुना अर्थ त्यामुळे खोटा ठरत नाही. ‘रांगडा गडी’ हे शब्द तालमीतल्या वस्तादाच्या तोंडी कौतुकाचे असतात, तर बाहेरच्या माणसाच्या तोंडी त्यांत अजूनही किंचित तुच्छता असू शकते. ‘राकट’ हा शब्द शरीराबद्दल आणि भूमीबद्दल बोलतो, ‘उद्धट’ वर्तनाला दोष देतो. ‘रांगडा’ या दोहोंच्या मधे उभा आहे, आणि म्हणूनच तो कोण उच्चारतो याला महत्त्व येते.

‘रांगडी भाषा’ या प्रयोगाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि पुण्यामुंबईचे लोक त्याला हसतात. वास्तविक ‘आम्ही येतो’ हे रूप प्रमाण मराठीतही स्त्रियांना आणि पुरुषांना एकच आहे. अनेकवचनात जो लिंगभेद प्रमाण भाषा पाळत नाही, तो ही बोली एकवचनातही पाळत नाही, इतकेच. हा या बोलीचा नियम आहे, आणि नियमाला रांगडेपणा म्हणणे मला पटत नाही, मग म्हणणारा कोल्हापूरचाच का असेना. ‘जेवायलोय’सारख्या चालू क्रियेच्या रूपांनाही हेच लागू आहे. बोलण्यातील रोखठोकपणाला, ‘नाद खुळा’सारख्या उद्गारांना वा आवाजाच्या पट्टीला रांगडे म्हणायचे असल्यास खुशाल म्हणावे.

आता शीर्षकाविषयी. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे कुस्ती मैदान उभारले आणि त्याला लागूनच 1915 साली पॅलेस थिएटर बांधले, जे आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाते. शड्डूचा आवाज आणि नाट्यपदाची तान या गावाने अशी एकमेकींच्या शेजारी ठेवलेली आहे. अल्लादिया खाँ याच दरबारचे गवई होते, आणि गायन समाज देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. ‘रांगडी संस्कृती’ म्हटले की यांतील फक्त कुस्तीच्या हौद्यातली लाल माती डोळ्यांपुढे येते आणि ख्यालगायकी बाहेर राहते. हॉटेलांच्या पाट्यांवरच्या ‘रांगडी चव’ या शब्दांतही हाच दोष आहे. ते तांबड्या रश्श्याला शोभतात, पण नारळाच्या दुधातला सौम्य पांढरा रस्सा त्यांत कुठे बसतो? (तिखटाच्या कीर्तीने त्याच्यावर अन्यायच केला आहे.)

तेव्हा ‘रांगडा’ हे विशेषण एखाद्या गुणाला लावावे, सगळ्या गावाच्या संस्कृतीला लावू नये. ‘रांगडा पाहुणचार’, ‘रांगडा बाज’, ‘रांगडी थट्टा’ हे प्रयोग निर्दोष आहेत. स्मरणिकेसाठी ‘कोल्हापूरची रीत’ हे साधे शीर्षक मला अधिक योग्य वाटते. विशेषण हवेच असेल तर आतील एखाद्या लेखाला ‘तालमींचा रांगडा बाज’ असे नाव देता येईल, आणि भाववाचक नाम लागल्यास ‘रांगडेपणा’ असे लिहावे.