नव्या गाडीचा घूं घूं आवाज आणि जॉब कार्डवरचा ‘ओके’

साताऱ्याच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आहे. यजमानांच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं, म्हणून 16 महिन्यांपूर्वी त्यांनी पुण्यातल्या शोरूममधून 13 लाख 40 हजारांची नवी पेट्रोल गाडी घेतली. दोनच महिन्यांत वेग 70 च्या पुढे गेला की पुढच्या बाजूने भुंगा अडकल्यासारखा घूं घूं आवाज येऊ लागला. चार वेळा सर्व्हिस सेंटरला दाखवून झालं. ‘या मॉडेलला एवढा आवाज असतोच मॅडम’ हे एकच उत्तर मिळालं, आणि चौथ्या वेळी ‘टायर बदलून बघा, स्वखर्चाने’ हा सल्ला. वॉरंटी तीन वर्षांची आहे. ताईंचे दीर म्हणतात, सरळ केस टाका आणि नवी गाडी मागा. ताई विचारतात, मिळेल का?

ताई, आजच्या कागदांवर नवी गाडी मिळणं कठीण आहे. वॉरंटीत कंपनी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन देते, अख्खी गाडी बदलून देण्याचं नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं, आणि कंपन्यांचे वकील आजही तो निकाल पुढे करतात. तुमच्या दुखण्याच्या जास्त जवळचा निकाल 2010 चा, फियाट इंडियाच्या प्रकरणातला. तिथेही तक्रार मुख्यतः इंजिनच्या आवाजाची होती. नुसत्या आवाजावरून गाडीत उत्पादन दोष आहे असं न्यायालयाने धरलं नाही. पण स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाने दोष असल्याचं सांगितलं, तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत द्यावेत, असंही सांगितलं. म्हणजे गाडी आवाज करते हे सांगून भागत नाही, आवाज कुठल्या भागातून येतो ते दाखवावं लागतं. तुमच्या वॉरंटीच्या पुस्तिकेतही बारीक अक्षरात ‘सर्वसाधारण आवाज व कंप’ वगळलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ते पान आधी काढून वाचा.

तुम्ही पाठवलेली चारही जॉब कार्डं, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवणारे सर्व्हिस सेंटरचे कागद, मी शांतपणे पाहिली आणि वाईट वाटलं. पहिल्यावर तुमच्या तक्रारीच्या जागी ‘जनरल चेकअप’ लिहिलंय. दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर ‘आवाज तपासला, ट्रायल घेतली, ओके’. चौथ्यावर तुमची सही आहे आणि तिच्या वर छापलंय, ‘काम समाधानकारक’. सही केली म्हणून हक्क संपत नाही, पण समोरचा वकील पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवणार. आता तिसऱ्या कार्डावरचे किलोमीटर बघा. गाडी आत घेताना 8,412, परत देताना 8,414. दोन किलोमीटर! आवाज येतो 70 च्या पुढे, आणि ट्रायल झाली सर्व्हिस सेंटरच्या आसपास, गर्दीच्या रस्त्यावर. तक्रार ज्या वेगाची होती त्या वेगाला गाडी नेलीच नाही, हे त्यांच्याच कागदावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं आहे. हे कार्ड जपून ठेवा. तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद हाच आहे.

पाचव्यांदा जायच्या आधी ओळखीच्या अनुभवी मेकॅनिकला घेऊन हायवेवर एक फेरी मारा. गाडी त्याला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. सपाट मोकळ्या पट्ट्यात 80 ला क्लच दाबून इंजिनचे फेरे खाली येऊ द्यायचे. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनचा नाही, चाकाच्या बाजूचा आहे. मग लांब वळणावर लक्ष द्या. उजव्या वळणाला वजन डाव्या चाकांवर येतं. तिथे घूं घूं वाढली आणि डाव्या वळणाला कमी झाली, तर डाव्या चाकाच्या बेअरिंगचा, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागाचा, संशय घ्यायचा. डांबरावर एक आवाज आणि सिमेंटच्या रस्त्यावर एकदम वेगळा, असं असेल तर संशय टायरवर. टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे-मागे फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टायर वेडंवाकडं झिजलंय. पुढची टायरं मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला तर दोष टायरचाच. पण इतक्या कमी किलोमीटरला टायर असं का झिजलं, चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ बसवलेली असणं, पहिल्यापासून बिघडलेलं होतं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याचं उत्तर न देता टायरचा खर्च तुमच्या माथी मारणं मला मान्य नाही.

मेकॅनिककडून जे दिसलं ते तारीख, किलोमीटर आणि सहीसह लिहून घ्या. बाहेर काही उघडू देऊ नका, वायरिंगला हात लावू देऊ नका, नाहीतर ‘बाहेर काम केलं, वॉरंटी गेली’ हे उत्तर तयारच असतं. आवाजाचं रेकॉर्डिंग करताना स्पीडोमीटर दिसू द्या आणि मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ पुसून टाकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते आपण जोडू.

मग पाचवं जॉब कार्ड. त्यावर तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘70 च्या पुढे पुढच्या बाजूने सतत घुमणारा आवाज, वळणावर बदलतो, ग्राहकासह हायवेवर ट्रायल हवी.’ समोरचा माणूस लिहायला तयार नसेल तर हाच मजकूर तिथे उभ्यानेच डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. गाडी परत घेताना आवाज असेल तर सहीच्या वर लिहा, ‘आवाज कायम आहे, हरकत राखून गाडी घेतली.’

त्यानंतर नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, पण मी देतेच, कारण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. 15 दिवसांची मुदत, डीलर आणि उत्पादक दोघांच्या नावे, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून ठेवा.

तरीही दाद नाही मिळाली तर तक्रार साताऱ्यातच करता येईल. ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो तो आता जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 मुळे ग्राहक राहतो तिथे दाद मागता येते, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. गाडीसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग पुरतो, आणि तुमच्या रकमेला शुल्क आहे 400 रुपये. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर कलम 38 खाली आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं, ही तयारी ठेवा.

मागणी करताना पहिली मागणी, दोष विनामूल्य दूर करावा आणि बदललेल्या भागावर नव्याने वॉरंटी द्यावी. त्याने आवाज गेला नाही तर गाडी बदलून किंवा पैसे परत. शिवाय फेऱ्यांचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई. दिरांना सांगा, त्यांची मागणी आपण सोडलेली नाही, फक्त दुसऱ्या पायरीवर ठेवली आहे.

मुदतीचं मात्र मनावर घ्या. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यांनी ती लांबतात असं धरून चालू नका. मी पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून मोजते. तसं पाहिलं तर तुमच्या हातात 10 महिने उरलेत, आणि तपासणी, नोटीस यात त्यातले तीन-चार सहज जातील.

आणखी एक, कायद्याच्या बाहेरचं. बेअरिंगचा संशय पक्का झाला तर दुरुस्ती होईपर्यंत यजमानांना घेऊन त्या गाडीने खंबाटकी घाट चढू नका. तोवर एसटीचं किंवा भाड्याच्या गाडीचं बिल जपून ठेवा, तेही भरपाईत मागू. पाचवं जॉब कार्ड समोर आलं की सही करायच्या आधी मला फोटो पाठवा.