वाचकांचे प्रश्न : धनगरवाड्यावर चार दिवस

कास-बामणोलीपलीकडच्या वस्त्यांवर राहून तिथलं जगणं शिकायचंय, अशी बरीच पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : बामणोलीच्या पलीकडे डोंगरात आदिवासी राहतात असं ऐकलं. आम्हा दोघांना तिथं चार दिवस राहायचंय. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, सातारा

आधी कोण कुठं राहतं ते पाहू. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत अगदी माथ्यावरच्या वस्त्या बहुतेक गवळी धनगरांच्या आहेत, त्यांनाच धनगरवाडा किंवा नुसतं वाडा म्हणतात. त्यांच्याकडे म्हशी आणि गाई असतात, मेंढ्या नसतात. सरकारी यादीत धनगर भटक्या जमाती (क) मध्ये येतात, अनुसूचित जमातींत नाहीत. हा विषय आपण होऊन काढू नका, त्यांनी काढला तर ऐकून घ्या. या पट्ट्यातले आदिवासी म्हणाल तर कातकरी. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी ते एक, बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. खाली खोऱ्यांत मात्र शेतकऱ्यांची गावं आहेत. तेव्हा धनगराच्या ओट्यावर बसून 'आदिवासी बघायला आलोय' म्हणालात तर पहिल्या वाक्यालाच बिनसेल.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण ३५ किलोमीटर. एसटी जाते, पण वेळा आदल्या दिवशी आगारात विचारून घ्या. पुढे शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायला लाँच. दिवाळीच्या सुमाराला जलाशय भरलेला असतो आणि लाँच वाटेच्या तोंडाशी लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तडे गेलेला, सुकलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. लाँचवाला दाखवेल त्याच वाटेनं चढा, जवळची वाट शोधू नका.

ओळखीशिवाय जाऊ नये. ओळख कुणाची काढायची? दूध गोळा करणारा, शाळेतले गुरुजी, आशाताई, बाजाराला येणारा वाड्यावरचाच कुणी. यांच्याकडून आठ दिवस आधी निरोप पाठवा, कारण वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. वस्ती अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी लागते. कोयना अभयारण्य १९८५ पासूनचं आहे, २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. वासोटा किल्ल्यावर रात्रीचा मुक्काम चालत नाही, तेव्हा 'जाता जाता गडावर झोपू' हा बेत मनातून काढून टाका.

जायचं ते दिवाळी ते फेब्रुवारी. पावसात ओढे चढतात, वाट बंद होते, जळवा लागतात. मे महिन्यात पाण्याचे हाल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी हे असं. उतार एवढा की पाणी मुरायच्या आधीच खाली धरणात जातं, आणि वाड्यावरचा झरा उन्हाळ्यात बोटभर धारेवर येतो.

प्रश्न : शिधा काय न्यावा? पैसे द्यावेत का? – कराड

दोघांना चार दिवसांसाठी तांदूळ ३ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, कांदे-बटाटे ३ किलो, साखर १ किलो, गूळ अर्धा किलो, चहा पाव किलो. हे दोघांच्या पोटापेक्षा थोडं जास्त आहे आणि ते मुद्दामच, कारण तुमच्या निमित्तानं शेजारचेही चहाला येतात. नाचणी आणि दूध घरात असतं. तेल, साखर, चहापत्ती मात्र दोन-दोन तास उतरून आणावी लागते.

शिधा पहिल्याच संध्याकाळी घरच्या बाईच्या हातात द्या. निघताना दिला तर तोवर तिनं आपला डबा पाहुण्यांसाठी रिकामा केलेला असतो. मुक्कामाचे पैसे किती ते निरोप पाठवतानाच विचारावं. 'राहू द्या हो' असं उत्तर आलं तर खालच्या गावात घरगुती जेवणाला पडतात तेवढे धरा आणि घरातल्या कर्त्या माणसाला द्या. पोरांच्या हातात नोटा किंवा चॉकलेटं ठेवू नका. पुढच्या पाहुण्याच्या मागं तीच पोरं हात पसरत धावतात, आणि मग वाड्यावरची म्हातारी माणसं पाहुण्यांवर चिडतात. त्यांचं चुकतं असं वाटत नाही.

पाणी : एक हंडा म्हणजे साधारण १५ लिटर, आणि तो कुणीतरी डोक्यावरून चढवून आणलेला असतो. आंघोळ झऱ्याखालच्या अंगाला, घरातल्या हंड्यातून नाही. सकाळी एक खेप तुम्ही घाला. पहिल्या दिवशी अर्धा हंडाच घ्या, भरलेला हंडा घेऊन उतारावर पाय सरकतो.

प्रश्न : चार दिवसांत खरं शिकता काय येईल? – एक शिक्षिका, वाई

सगळं बघायला गेलात तर काहीच शिकून येणार नाही. एकच काम धरा आणि पहाटेपासून शेवटापर्यंत त्याच्या मागं राहा. आमची शिफारस तुपाची. जिथं दुधाची गाडी पोचत नाही तिथं दुधाचं तूप किंवा खवा करूनच खाली न्यावा लागतो, म्हणून हे काम अजून रोजचं आहे.

रात्री विरजलेलं दही पहाटे डेऱ्यात जातं. रवीला दोरीचे वेढे देऊन ती खांबाला अडकवतात आणि दोरी आळीपाळीनं ओढतात. दोन्ही हातांची ओढ सारखी हवी, नाहीतर रवी डेऱ्याच्या काठावर आपटते. अर्ध्या-पाऊण तासात आवाज बदलतो, घळघळ जाऊन जड थपथप येते. लोण्याचे कण ज्वारीएवढे दिसले की थांबायचं. थंडीत लोणी जमत नाही तेव्हा तांब्याभर कोमट पाणी घालतात, उन्हाळ्यात गार. पाहुण्याच्या हातून नेमकं इथंच चुकतं : लोणी दिसतंय म्हणून तो आणखी जोरात घुसळतो, ते ऊब धरतं, पातळ होतं आणि गोळा होत नाही.

लोणी दोन-तीन पाण्यांनी धुऊन मंद जाळावर कढवतात. आधी मोठे बुडबुडे, फेस, तडतड. मग पाण्याचा अंश उडतो, बुडबुडे बारीक होतात, वास सुटतो आणि तळाला बसलेला गाळ, म्हणजे बेरी, तांबूस होते. त्याच क्षणी भांडं खाली. भांड्याची ऊब अजून काम करत असते, म्हणून बेरी पूर्ण तांबडी व्हायची वाट बघितली तर तूप कडवट. घाईनं लवकर उतरवलं तर आत पाणी राहतं आणि आठवड्याभरात खवट वास येतो. निवताना भांडं हलवू नका, मग कणी पडते. बेरी गुळाबरोबर घरातल्या पोरांना मिळते, तुम्ही हात पुढं करू नये.

म्हशीच्या दुधाला ७ टक्के फॅट धरली तरी किलोभर तुपाला १५-१६ लिटर दूध लागतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निघताना तुपाच्या भावात घासाघीस करायची इच्छा राहत नाही. निदान राहू नये.

प्रश्न : नाचणीची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडते. वाड्यावरच्या बायकांची मोडत नाही, ते कसं? – सांगली

त्या उकड काढतात. वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणा, वाटीभर पीठ टाकून ढवळा, झाकून पाच मिनिटं वाफ द्या आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळा. गार झाल्यावर मळलं तर कडा फाटतात. दुसरं कारण म्हणजे जुनं पीठ. त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग कितीही मळा. तिथं लागेल तेवढंच दळतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकत आलं की उलटायचं. पार सुकलं तर भाकरीला चिरा पडतात.

प्रश्न : आठवीच्या चाळीस मुलांची सहल वाड्यावर नेता येईल का? – एक मुख्याध्यापक, तासगाव

नाही. आठ-दहा घरांच्या वस्तीवर चाळीस मुलं म्हणजे एका दिवसात दोन दिवसांचं पाणी संपलं, आणि बुजलेल्या म्हशी दूध चोरतात, पान्हा सोडत नाहीत, ते वेगळंच. सहल महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला न्या. २०२२ मध्ये ते 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या तिथं जवळून बघता येतात. मुलांना गडद रंगाचे कपडे आणि अत्तर नको.

प्रश्न : डिसेंबरात कातकरी वस्तीवर गेलो, तर घरांना कुलपं. म्हातारी माणसं तेवढी होती. असं का? – कोरेगाव

पावसाळा संपला की बरीच कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. आधी घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची असते, ती पावसाच्या तोंडाशी परत येईपर्यंत फिटतेच असं नाही. माणसं भेटायची तर पावसाळ्यात. ओढ्यातले खेकडे, मासे, रानभाज्या यांची जाण तेव्हाच बघायला मिळते. कडूकंद कापून, राख लावून उकडतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा त्यातलं विष उतरतं. बघून या, घरी करून बघू नका. आणि 'किती उचल घेतली?' हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नसतो.

प्रश्न : फोटो काढले तर चालतील का? – मिरज

पहिला दिवस कॅमेरा पिशवीत. नंतर विचारून, आणि काढलेले फोटो छापून पाठवण्याच्या बोलीवर. ती बोली पाळा. देव्हारा, बाळंतीण, देवराई यांचे फोटो नकोत. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलू नये.

प्रश्न : जनावरांच्या शेजारी झोपायचं, काही त्रास होतो का? – फलटण

गोचीड. बऱ्याच जुन्या घरांत म्हशी आणि माणसं एकाच छपराखाली असतात. झोपायच्या आधी काखा, जांघा, कानामागं बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिरगळू नका, तेल-रॉकेल लावू नका. परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना कुठं राहून आलात ते आधी सांगा. आणि पहाटे बाहेर जायचं झालं तर बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत. रानात गवे आणि अस्वलं आहेत, त्यांना तुम्ही येताय हे कळलं पाहिजे.