संगणक सल्ला : कोपऱ्यातल्या पाट्या आणि फॉरमॅटची घाई

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात सारख्या पाट्या येतात. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले', 'अँटिव्हायरसची मुदत संपली' असं त्यात लिहिलेलं असतं. क्रोममध्ये काही शोधायला गेलं की भलतंच पान उघडतं. मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तेव्हापासून हे सुरू झालं असावं. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारावं लागेल. माझे यजमान हयात नाहीत आणि त्यांचे सगळे फोटो यातच आहेत. काय करू? (एक वाचक, कराड)

उत्तर : बाई, फॉरमॅट मारू देऊ नका, त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. तुम्ही सांगितलेल्या खुणा अॅडवेअरच्या आहेत. जाहिराती दाखवून आणि तुमचा शोध भलतीकडे वळवून पैसा कमावणं हा त्याचा धंदा. फोटोंशी त्याला सहसा देणंघेणं नसतं. तरी पहिलं काम म्हणजे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि दोन-चार उघडून बघा. बाकीचं त्यानंतर.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची मुळंही बहुधा वेगळी आहेत. माझ्या दुकानात असा लॅपटॉप आला की मी आधी ती पाटी नीट वाचते. तिच्यावर 'गूगल क्रोम' आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता असेल, तर तो व्हायरसचा इशारा नाहीच. ते त्या वेबसाइटचं नोटिफिकेशन आहे. विंडोजचा खरा इशारा 'विंडोज सिक्युरिटी' या नावाने येतो. 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाव दाबा' असं कुठल्यातरी पानावर आलेलं असतं. आपण भाबडेपणाने दाबतो आणि पाट्या पाठवायची परवानगी देऊन बसतो.

ती परवानगी काढून घ्यायची. क्रोमचे तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' असं आत जा. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी तिथे दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक साइट 'ब्लॉक' करा. नुसती 'रिमूव्ह' केलीत तर ती पुन्हा विचारायला येऊ शकते. पुष्कळांचा त्रास एवढ्यावरच थांबतो. ज्या कामाला पाच मिनिटं लागतात, त्यासाठी घाबरलेल्या माणसाला फॉरमॅट सुचवलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

आता भलतीकडे जाणारा शोध. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'अॅप्स' उघडून यादी इन्स्टॉल केलेल्या तारखेनुसार लावा. टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी त्याच्यासोबत आणखी काय आत शिरलं ते लगेच दिसेल. कुणी 'टूलबार', कुणी 'सर्च', कुणी 'पीसी ऑप्टिमायझर' अशा नावाने बसलेलं असतं. एकेक अनइन्स्टॉल करा, पण सावकाश. 'राहू द्या' हे बटण अनेकदा मोठं नि रंगीत असतं आणि 'काढून टाका' फिकट बारीक अक्षरांत. मग क्रोममधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासा आणि अनोळखी असतील ती काढा. शेवटी क्रोमच्याच सेटिंग्जमधलं 'रीसेट सेटिंग्ज' करा. त्यात बुकमार्क, हिस्टरी किंवा साठवलेले पासवर्ड जात नाहीत.

एवढं करूनही भलतंच पान उघडलं, तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधली 'टार्गेट'ची ओळ शेवटपर्यंत वाचा. तिच्या शेपटीला एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तो पुसा. काढलेलं एक्स्टेन्शन परत येत असेल तर दोन शक्यता. एक, तुमचं गूगल खातं दुसऱ्या संगणकावर चालू आहे आणि सिंक होऊन (दोन्हीकडचं आपोआप सारखं होऊन) ते तिथून परत येतंय. दुसरी, क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' (क्रोमचा ताबा तुमच्या संस्थेकडे आहे) असं दिसतंय. घरच्या लॅपटॉपवर ही ओळ सहसा नसते. काही अँटिव्हायरसमुळे येते, पण अॅडवेअरही तिथे स्वतःला खुंटा मारून ठेवतं. अशा वेळी मालवेअरबाइट्स कंपनीचं अॅडवक्लीनर हे अॅडवेअर शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवा. ते फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. मात्र ते कंपनीच्याच साइटवरून घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून घेतलंत, तर नवीच पीडा मागे लागेल.

पाटीवर फोन नंबर असेल तर तो कधीही लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. कुणी पैसे काढून घेतलेच, तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणि बाई, मराठी टायपिंगसाठी काहीही उतरवून घ्यायची गरज नाही. विंडोज 10 मध्ये मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा आणि तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन तो कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरं दाबत तुम्ही सरळ मराठी लिहाल.

प्रश्न : अँटिव्हायरस चालू असताना अॅडवेअर आत येतंच कसं? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : कारण कायद्याच्या भाषेत त्याला आपणच होकार दिलेला असतो. इन्स्टॉल करताना आधीच टिक केलेल्या चौकोनांवरून आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो. म्हणून कित्येक अँटिव्हायरस त्याला व्हायरस न म्हणता 'पोटेन्शियली अनवाँटेड' (बहुधा नको असलेलं) या वेगळ्या खान्यात टाकतात. हे फक्त आडबाजूच्या साइटवर घडतं असंही नाही. सॉफ्टवेअर उतरवून घेण्याच्या सोर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटनेही 2013 पासून काही इन्स्टॉलरमध्ये असल्या जादा ऑफर बांधल्या होत्या; 2016 मध्ये मालक बदलल्यावर ते बंद झालं.

'विंडोज सिक्युरिटी'त 'अॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे. तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड अॅप ब्लॉकिंग' चालू आहे का बघ. अॅप्स आणि डाउनलोड्स, दोन्ही चौकोनांत टिक हवी. इन्स्टॉल करताना 'एक्स्प्रेस'ऐवजी 'कस्टम' निवड, म्हणजे सोबत बांधलेल्या वस्तू दिसतील आणि काढता येतील.